आल्बेर्ती स्टेशनसमोरचं टेबल

ब्युनोस आयर्स, ४ नोव्हेंबर

ओरासिओ,

नावाआधी काहीतरी लिहायची पद्धत असते. मी बराच वेळ पेन धरून बसले, पण तुझ्या नावाआधी लिहावं असं काही सुचलं नाही. तेव्हा नुसतं नाव.

सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आजही लिहिणार नव्हते. माझा नंबर तू तुझ्या फोनवर बंद करून ठेवलायस, म्हणून हे कागदावर. कोपऱ्यावरची झेरॉक्सवाली याचे फोटो काढून वालेन्सियाला तुझ्या हॉटेलच्या ईमेलवर पाठवणार आहे. म्हणजे आधी तुझे वेटर वाचतील आणि मग तू. वाचू देत. आईच्या मयताला मालक आला नाही, शवपेटीपेक्षा मोठं पुष्पचक्र तेवढं पाठवलं, हेही त्यांना कळू दे.

लिहायचं कारण पापा आहेत. त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या निल्दाचा मला बाईया ब्लांकाला घरी फोन आला. म्हणाली, "बाई, तुम्ही येऊन बघाच. म्हातारबुवा सप्टेंबरपासून खाली उतरले नाहीत. दाढीसुद्धा मी डोकं खाल्लं की करतात." आपले पापा, आणि खाली उतरत नाहीत! जन्मभर ज्या माणसाने रोज जमिनीखाली जाऊन गाडी चालवली, आणि निवृत्तीनंतर बार बंद पडेपर्यंत एक दिवस न चुकता सेरेसोलाच्या बारमध्ये खिडकीशी जाऊन बसला, तो माणूस घरात पायजमा घालून बसतो? मी रात्रीची बस पकडली.

सकाळी भुयारी गाडीने आल्बेर्तीला उतरले. जिन्यावर तोच मुताचा वास, फक्त आता त्यावर लिंबाचा सुगंध फवारतात, त्यामुळे तो जास्तच घशात जातो. समोरचा बंद फलाट आठवतो ना, लहानपणी तिकडे अंधारात बघायला आपण घाबरायचो? त्याच्यासमोर आता पर्यटकांचा घोळका उभा असतो. एक पोरगा बंद छत्री उंच धरून त्यांना भुतांच्या गोष्टी सांगतो आणि ते पैसे देऊन घाबरतात. वर रस्त्यावर पाऊल ठेवलं तर फुटपाथची सुटी फरशी दबली आणि खालचं सगळं काळं पाणी माझ्या पोटरीवर उडालं. डोक्यावर कुणाच्या तरी एसीचं पाणी टपकत होतं, बुटाखाली कुत्र्याची घाण. या वस्तीवर लोक गाणी कसली लिहितात, मला कळत नाही.

पापांनी दार उघडलं. मानेची कातडी लोंबायला लागलीय.

"तू कशाला आलीस?"

"तुम्हाला बघायला."

"बघितलंस. आता ये, येर्बाचा चहा पी, पाणी गरम आहे."

"सेरेसोला पुन्हा उघडलंय म्हणे. अकरा वाजत आले. चला की, जाऊन येऊ."

"गुडघा दुखतो."

कुठला म्हणून विचारलं, तर आधी डावा म्हणाले, मग उजवा. म्हणजे गुडघा दुखत नाहीये. काय दुखतंय ते मी शोधून काढीन. तुला कळवते आहे कारण त्यांनी पहिल्याच पेल्याला तुझं नाव काढलं. "ओरासिओचं काय?" म्हणाले. मी म्हटलं, मला काय माहीत.

सुलेमा


९ नोव्हेंबर

ओरासिओ,

मी सेरेसोलाला जाऊन आले. आता हे पत्र बसून वाच, आणि वेटरच्या आधी तू वाच.

म्हातारा सेरेसोला गेल्यावर बार वर्षभर बंद होता. तो कुणा लारेचेआ नावाच्या गृहस्थाने घेतला. बाहेर सोनेरी अक्षरं. आत जमिनीवरचा भुसा गेला, मांजर गेली, संगमरवरी टेबलं तेवढी ठेवलीत आणि त्यांना मुद्दाम चरे पाडलेत, जुनी दिसावीत म्हणून. जुनीच होती ती! कोवळ्या पोरांना मोटरमनची टोपी घालून कॉफी वाटायला लावतात. मेन्यूत 'मोटरमनचा नाश्ता' आहे. आपल्या मोटरमनने उभ्या आयुष्यात सकाळी सुक्या पावाशिवाय काही खाल्लं नाही. जुन्यांपैकी एकटा फाउस्तो उरलाय. तोही वेटर आहे आणि त्यालाही टोपी घालायला लावलीय. या वयात. मला बघून त्याने ट्रे छातीशी धरला आणि सरळ मुदपाकखान्यात पळून गेला.

मग मी खिडकीकडे बघितलं. लाल मखमलीची दोरी बांधलेली. आणि दोरीच्या आत, पापांच्या खुर्चीत पापा बसले होते.

फायबरचे. पंचेचाळिशीतले, गणवेशात, गाल गुळगुळीत, नखं गुलाबी रंगवलेली. चेहरा गाडीच्या लाकडी डब्याच्या दारात काढलेल्या त्या फोटोवरून उचललाय, हे मी लगेच ओळखलं. त्या फोटोत त्यांचा हात धरून मी उभी होते. पुतळ्याचा हात रिकामाच टेबलावर ठेवलाय, लोकांना त्यात हात घालून फोटो काढता यावा म्हणून. माझ्यादेखत एका बाईने दोरीवरून वाकून त्यांच्या गालाचा मुका घेतला. लिपस्टिकचा लाल ओठ तिथेच राहिला. आणि कानात, ओरासिओ, कुणीतरी चघळलेला गम चिकटवला होता.

मी दोरी ओलांडून रुमालाने गाल पुसायला लागले. टोपीवाला पोरगा धावत आला. "बाई, कलाकृतीला हात लावू नका."

"कलाकृती गेली खड्ड्यात. हा माझा बाप आहे."

"अहो, सगळ्यांनाच तसं वाटतं," तो म्हणाला. "फार जिवंत झालाय पुतळा."

तेव्हा मी खालची पितळी पाटी वाचली. 'एवारिस्तो पेद्रोत्ती. पहिल्या भुयारी मार्गाचे मोटरमन. त्यांच्या पवित्र स्मृतीस.'

स्मृतीस.

मी मालकाला बोलवा म्हटलं. लारेचेआ आला. माणूस वाईट नाही, हेच तर जास्त वाईट. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, माझे वडील एवारिस्तो पेद्रोत्ती इथून हाकेच्या अंतरावर दुसऱ्या मजल्यावर बसलेत, आत्ता भोपळ्याचं सूप पीत असतील, तुम्ही कुणाला विचारून त्यांना मारलंत?

"पण ओरासिओ स्वतः म्हणाला मला," तो म्हणाला. "वालेन्सियाला त्याच्या हॉटेलात जेवलो मी. भिंतीवर हा फोटो होता, खाली मेणबत्ती. वडील कसे गेले ते सांगताना रडला बिचारा. म्हणाला, माझ्या हातात प्राण सोडला त्यांनी. तिथेच मला पुतळ्याची कल्पना सुचली. फोटो त्यानेच दिला."

"मी त्याची थोरली बहीण आहे."

त्याने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मग हळूच म्हणाला, "बाई, रागावू नका, पण ओरासिओला बहीण आहे असं तो कधी बोलला नाही."

बघ. एका फोटोत तू बापाला मारलंस आणि बहिणीला तर जन्मालाच येऊ दिलं नाहीस.

लारेचेआ म्हणाला, "तुमचं खरं असेल तर मी उद्या पाटी काढतो. पण रस्त्यावरून आलेल्या बाईच्या शब्दावर कशी काढू? ओरासिओला मला एक फोन करू दे. नाहीतर वडिलांनाच घेऊन या. एक डिसेंबरला, मार्गाच्या वाढदिवसाला, रीतसर सोहळा आहे. त्याआधी काय ते सांगा."

मी निघाले तेव्हा बाहेरच्या गल्लीत फाउस्तो कचऱ्याच्या पिंपाआड उभा होता. डोळे पुसत होता. त्याने सांगितलं ते असं. बार उघडला त्या सकाळी पापा इस्त्रीचा सदरा घालून आले. वर्षभर वाट बघितली होती त्यांनी. दारातून थेट खिडकीकडे गेले, थांबले, खिशातून चष्मा काढला, पाटी वाचली. दोनदा वाचली. मग चष्मा खिशात ठेवून म्हणाले, "फाउस्तो, मी आलो होतो हे कुणाला सांगू नकोस. शपथ घे." आणि घरी गेले.

म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे.

मला तुझी किळस येते. हे रागाने लिहीत नाहीये, पोटातून येतं तसं लिहितेय.

सुलेमा


१२ नोव्हेंबर

ओरासिओ,

तुझं उत्तर नाही. ईमेल उघडली गेल्याची खूण झेरॉक्सवालीच्या यंत्रावर दिसते, तेव्हा मिळाली नाही म्हणू नकोस.

मी पापांशी बोलले. दोन दिवस धीर होत नव्हता. काल मी मिलानेसाचे मांसाचे काप तळत होते, पाठ त्यांच्याकडे होती, तेव्हा एकदम म्हणून टाकलं, "मी सेरेसोलाला गेले होते."

मागे त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "नखं पाहिलीस? बायकी केलीत."

"पापा, थट्टा नको. चला आत्ताच्या आत्ता. लारेचेआसमोर उभे राहा, म्हणा मी जिवंत आहे. दोन मिनिटांचं काम."

"आणि मग?"

"मग काय! पाटी निघेल, पुतळा अडगळीत जाईल, टेबल तुमचं."

"मग तो विचारेल, मुलाने असं का सांगितलं? बाजूच्या टेबलावरचे विचारतील. फळवाला विचारेल. त्यांना काय सांगू?"

"खरं ते सांगा! की मुलगा खोटारडा आहे!"

"ते सांगायला मी जिना उतरू?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही, तू ओळखतोस त्यांना. "सुलेमा, चार लोकांत स्वतःच्या पोराला खोटं पाडायचं आणि त्याच लोकांत रोज कॉफी पीत बसायचं, हे मला जमायचं नाही. तो बोललाय. त्यालाच ते परत घेऊ दे. तोवर मी मेलेला बरा."

"आणि त्याने नाहीच घेतलं तर?"

"मिलानेसा करपतेय," म्हणाले.

मी कढई इतक्या जोरात आपटली की तेल भिंतीवर उडालं. मला त्यांचाही राग आला. ही असली माया म्हणजे अंगाला चिकटणारं काहीतरी असतं, धुतलं तरी जात नाही. तू आईच्या मयताला आला नाहीस तेव्हाही ते हेच म्हणाले होते, की असेल काही अडचण. मी विचारलं होतं, कसली अडचण? तेव्हाही काहीतरी करपत होतं.

तू हे का केलंस ते मला कळलंय असं वाटतं. कुणी मला विचारलं नाही, तरी सांगते. आईच्या वेळी तू आला नाहीस. मग त्यांना फोन करायची लाज वाटली. एक महिना गेला, लाज वाढली. वर्ष गेलं. जिवंत बापाला फोन करायला तोंड लागतं. मेलेल्या बापाला नुसती मेणबत्ती पुरते. आणि गिऱ्हाइकं हळहळतात, वाइनची आणखी एक बाटली मागवतात. हो ना?

आता नीट वाच. पापांना बाकी काही नकोय. पुतळा राहिला तरी चालेल म्हणतात. ज्या टेबलावर त्यांचे सगळे दोस्त बसून गेले, त्या टेबलाचे ते शेवटचे. तिथे त्यांना जिवंत माणूस म्हणून बसायचंय, आणि ते त्यांना फक्त तुझ्या तोंडून मिळू शकतं. मी ओरडून काही होत नाही, मी तर तुझ्या लेखी जन्मलेलीच नाही. एक डिसेंबरच्या आत लारेचेआला एक फोन. 'चूक झाली, माझे वडील आहेत.' एवढंच वाक्य. कारण काही सांगू नकोस, कुणी विचारणार नाही.

एकदा एक डिसेंबरला बँड वाजला, भाषणं झाली, वर्तमानपत्रात फोटो आला, की मग ते कायमचे गेले. मग ते त्या दारातून कधीच आत जाणार नाहीत. मला माहीत आहे.

सुलेमा


२३ नोव्हेंबर

ओरासिओ,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या. 'सुलेमा, तमाशा करू नकोस. लारेचेआशी मी बोलतो. माझ्यावर सोड.'

मी त्या पापांना वाचून दाखवल्या. 'तमाशा करू नकोस' गाळलं. ते म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मग ते उठून न्हाणीघरात गेले आणि कुणी न सांगता दाढी करून आले. हनुवटीला कापून घेतलं, कागदाचा कपटा चिकटवून बसले होते.

तू फोन केलास का, कधी केलास, काहीच लिहिलं नाहीस. मी म्हटलं, जाऊन लारेचेआला विचारून येते. पापांनी अडवलं. "तो म्हणालाय ना, बोलतो म्हणून? मग बोलेल. मागून चौकशा करायच्या म्हणजे विश्वास नाही म्हणायचं." मी चप्पल पुन्हा काढून ठेवली. मला विश्वास नाहीच, पण ते वाक्य त्यांच्यासमोर कुठे म्हणू?

राखाडी सूट काढलाय कपाटातून, तोच, आईच्या वेळचा. डांबरगोळ्यांच्या वासाने घर भरलंय, डोकं उठलंय माझं. बुटांना बुरशी आली होती, ती मी खरवडली. हिरवट पांढरी, नखात गेली. कॉलर उसवलीय. निल्दा म्हणाली, "नवीन घ्या की एक शर्ट, बुवा." तर हे म्हणतात, "मला काय लग्नाला जायचंय?" आणि मग आरशासमोर टाय बांधून बघतात.

परवा तुझ्याविषयी बोलायला लागले. तू पाच वर्षांचा असताना त्यांनी तुला डब्यात पुढे उभं केलं होतं आणि तू बोगद्यात किंचाळलास, ते. मी म्हटलं, तो किंचाळला नव्हता, त्याने चड्डी ओली केली होती. हसले. पापा कितीतरी दिवसांनी हसले. दात कमी झालेत, तरी हसले.

मी काही खूश-बिश झालेले नाही, गैरसमज नको. आज कोपऱ्यावरून गोड चंद्रकोरी पाव आणले ते निल्दाला आवडतात म्हणून आणले.

सुलेमा


२ डिसेंबर

ओरासिओ,

तुझं विमान आत्ता समुद्रावर असेल. उतरलास की हे वाचशील. तू काल काय केलंस ते तुला ठाऊक आहे. आमच्या बाजूने काय झालं तेवढं सांगते.

अकराला आम्ही जिना उतरलो. पापांनी माझा दंड धरला होता, पण रस्त्यावर येताच सोडला. फळवाला ओरडला, "अरे एवारिस्तोबुवा! आलात का एकदाचे खाली?" पापांनी टोपी उचलली. सेरेसोलासमोर बँड, फुगे, पालिकेचा कुणी साहेब घामाघूम होऊन उभा. तळलेल्या सॉसेजच्या धुराने माझे डोळे चुरचुरत होते.

दारात लारेचेआ. मला बघून एकदम मऊ झाला, माझे दोन्ही हात हातात घेतले. "ओरासिओने मला सगळं समजावलंय, बाई. काही काळजी करू नका. या, आत बसा, काहीतरी थंड घ्या." पापांना म्हणाला, "या काका, तुम्हीही या." पापांना ओळखलं नाही त्याने. मला ते खटकायला हवं होतं. पण ओरासिओने सगळं समजावलंय, हे ऐकूनच मला इतकं बरं वाटलं की बाकी काही सुचलं नाही. मी पापांच्या कानात म्हटलं, "बोललाय तो. सांगितलंय सगळं." त्यांनी मान हलवली आणि टायची गाठ सारखी केली.

तू काय समजावलं होतंस ते मला नंतर फाउस्तोकडून कळलं. की मी तुझी एक दूरची चुलत बहीण आहे, डोक्याने जरा अधू, माझ्याशी गोड बोलावं. छान.

आम्ही गल्ल्यापाशी उभे होतो. साहेब बोलला. मग लारेचेआ म्हणाला की आज एक खास पाहुणे समुद्र ओलांडून आलेत, आणि मुदपाकखान्याच्या दारातून तू बाहेर आलास. पांढरा सूट, रंगवलेली दाढी. पापांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. मला वाटतं तो आनंदाचा होता. एक क्षण त्यांना वाटलं की तू फोनवर न सांगता स्वतः सांगायला आलायस. खरं सांगू, मलाही तेच वाटलं.

तू पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवलास. "माझे पापा," तू म्हणालास, "शेवटच्या क्षणी माझा हात धरून मला म्हणाले..." आणि तेवढ्यात तू आम्हाला बघितलंस.

तू बघितलंस, ओरासिओ. नाही म्हणू नकोस. तुझं तोंड उघडं राहिलं. तू थांबलास. सगळा बार थांबला. लोकांना वाटलं तुझा कंठ दाटलाय. एका बाईने हुंदका दिला, कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. टाळ्या संपेपर्यंत तुला वेळ होता. तेवढ्या वेळात माणूस एक वाक्य बोलू शकतो. मी मनात म्हणत होते, बोल, आता बोल, कसंही बोल. टाळ्या संपल्या. आणि तू म्हणालास, "...ते म्हणाले, पोरा, दारं नीट लाव."

मी आजवर पुष्कळ घाण बघितली. शाळेतल्या नोकरीत पोरांच्या उलट्या पुसल्या, आईला शेवटी महिनाभर साफ केलं. त्यातल्या कशानेच मला असं झालं नाही. मी ओरडायला तोंड उघडलं तर पापांनी माझं मनगट धरलं. त्या हाताने जन्मभर लिव्हर ओढलाय, अजून जोर आहे.

भाषण झाल्यावर रांग लागली. आपल्याकडे मयताच्या घरच्यांना भेटायला लागते तशीच, एकेकाने पुढे व्हायचं, हात हातात घ्यायचा, गालाला गाल लावायचा, पुटपुटायचं. तू पुतळ्याशेजारी उभा राहून सगळ्यांचं घेत होतास. मी पाठ वळवून वाइनचा पेला गल्ल्यावर ठेवला आणि बघते तर पापा शेजारी नाहीत. ते रांगेत उभे होते. टोपी हातात, दोन्ही पाय जुळवून, पुढे एक लठ्ठ बाई आणि मागे बँडमधला ढोलवाला.

मला त्यांना ओढून आणावंसं वाटलं. पाय हलले नाहीत. फाउस्तो माझ्या बाजूला आला आणि त्याने ट्रे गल्ल्यावर ठेवून दिला.

ते तुझ्यासमोर आले. तू सवयीने हात पुढे केलास, मग हात तसाच राहिला. त्यांनी तो धरला. मी जवळ होते, मला शब्दन् शब्द ऐकू आला. अहो-जाहो केलं त्यांनी तुला.

"साहेब," ते म्हणाले, "तुमचे वडील गेल्याचं कळलं. फार वाईट झालं. मी त्यांना चांगला ओळखत होतो, तुमच्यावर फार जीव होता त्यांचा. तुमच्या दुःखात मी तुमच्यासोबत आहे."

आणि त्यांनी तुझ्या गालाला गाल लावला. मागून ढोलवाल्याने घाई केली म्हणून बाजूला झाले, टोपी घातली आणि दाराकडे चालू लागले. लारेचेआ पुतळ्याकडे बघत होता, मग पापांकडे, मग पुन्हा पुतळ्याकडे. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तुझ्या तोंडाकडे मी बघितलं नाही.

आज सकाळी लारेचेआ वर आला. पाटी उचकटून कागदात गुंडाळून आणली होती. दारातच उभा, मान वर करेना. "एवारिस्तोसाहेब, माफ करा. टेबल तुमचं आहे. दोरी मी काल संध्याकाळीच काढली. पुतळा कुठे ठेवू सांगा."

पापा म्हणाले, "पाटी परत लावा."

"अहो, पण तुम्ही तर..."

"ज्याने लावायला सांगितली, त्याला काढायला सांगू दे. तुम्ही बिचारे कशाला दमता? कॉफी घेणार का?"

तो कॉफी न घेता गेला. कागदाचं पुडकं काखेत. मी पापांवर ओरडले. म्हटलं, आता तर सगळ्या जगाला कळलं, आता कुणाची लाज राखताय? ते बाल्कनीत जाऊन बसले. मी भांडी घासत राहिले, घासलेलीच पुन्हा घासली. मला तुझी किळस येत होती, त्या बारची, रांगेतल्या रडणाऱ्या बायांची, सॉसेजच्या वासाची, तो अजून माझ्या केसांत आहे.

मग बाहेरून त्यांचा आवाज आला.

"सुलेमा, तो बारीक झालाय ना गं?"

मी नळ बंद केला.

"तिथे नीट जेवत नसेल," ते म्हणाले. "दुसऱ्यांना वाढणाऱ्याचं असंच होतं. गालाचं हाड लागलं मला."

मी म्हटलं, "मी नाही बघितलं."

खोटं बोलले. आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिसारी कशाची आली ते सांगते, म्हणजे हे पत्र संपेल. तू त्या दारातून पांढऱ्या सुटात आलास, अजून तोंड उघडलं नव्हतंस, तेव्हा मला तुला बघून पहिल्यांदा राग आलाच नाही. सूट खांद्यावर लटकत होता, आणि माझ्या मनात आलं, अगं बाई, हा किती वाळलाय.

घरचा नंबर तोच आहे. ते फोनशेजारी बसतात, पण दोनदा वाजेपर्यंत उचलत नाहीत, वाट बघत होते असं वाटू नये म्हणून. तेवढं धीराने घे.

आणि जेवत जा.

सुलेमा